फीट, ‘बाहेरचं’ आणि मेंदूतले दुर्लक्षित कामगार

पहाटेची वेळ. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात बोटी लागत आहेत. जेटीवर बांगड्याच्या टोपल्या उतरत आहेत, बर्फ फोडला जातो आहे, लिलावाचा गलका सुरू आहे. समजा, अशा वेळी विशीतला एखादा खलाशी अचानक ताठ होऊन कोसळला. हातपाय झटकू लागले, तोंडाला फेस आला. पुढे काय होईल हे आपल्यापैकी कुणीही सांगेल. एक जण चप्पल काढून नाकाशी धरेल. दुसरा हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबेल. तिसरा दातखीळ उघडायला चमचा शोधेल. दोन मिनिटांत झटके आपोआप थांबतील आणि श्रेय मात्र चपलेला मिळेल. संध्याकाळी घरी कुणीतरी हळूच म्हणेल, “बाहेरचं काहीतरी असणार. एकदा दाखवून घ्या.”

मिरकरवाड्यात प्रामुख्याने मुस्लिम मच्छीमारांची वस्ती आहे. पण हे चित्र एका वस्तीचे किंवा एका धर्माचे नाही. कोकणातल्या कुठल्याही वाडीत ते दिसते, आणि खरे बोलायचे तर आपल्या बौद्धवाडीतही दिसते. १९५६ साली बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या. आपण देव्हारे रिकामे केले. पण घरातल्या मुलीला फीट आली की रात्रीच्या अंधारात भगताचे दार ठोठावणारी कुटुंबे आपल्यातही आहेत. त्यांना नुसती नावे ठेवून काही होत नाही. माणूस भगताकडे जातो, कारण आपल्या मुलीला नेमके काय झाले आहे हे त्याला कुणी नीट समजावून सांगितलेले नसते. म्हणून या लेखात तेच सांगण्याचा प्रयत्न आहे. त्यातही मेंदूतल्या अशा पेशींबद्दल, ज्यांच्याकडे विज्ञानानेही शंभर वर्षे फारसे लक्ष दिले नव्हते.

फीट म्हणजे नेमके काय?

फीट, आकडी, फेफरे, मिरगी, अपस्मार ही सगळी एकाच आजाराची नावे. आपल्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी म्हणजे न्यूरॉन असतात. त्या एकमेकींशी विजेच्या अतिशय सूक्ष्म संदेशांतून बोलतात. काही संदेश पुढच्या पेशीला चेतवतात, काही तिला शांत करतात. या दोहोंचा तोल सांभाळला जातो म्हणून आपण चालतो, बोलतो, विचार करतो. हा तोल बिघडून पेशींचा मोठा समूह एकाच वेळी, एकाच तालात संदेश सोडू लागला की फीट येते.

सगळ्या फीट हातपाय झटकणाऱ्या नसतात. काही मुले दहा-पंधरा सेकंद नुसती टक लावून बसतात आणि शाळेत ‘लक्ष नाही’ म्हणून मार खातात. कुणाचा एकच हात उडतो. कुणी ओठ चावल्यासारखे करतो, कपड्यांशी चाळा करतो आणि नंतर त्याला काहीच आठवत नाही. मेंदूच्या कुठल्या भागात गोंधळ उडाला त्यावर हे ठरते. ‘अंगात आलं’ म्हणून आपण ज्याकडे बोट दाखवतो, त्यातले काही प्रकार प्रत्यक्षात अशा फीट असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळपास ८० टक्के गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. योग्य निदान आणि औषध मिळाले तर १०० पैकी ७० जण फीटशिवाय जगू शकतात, असेही हीच संघटना सांगते. म्हणजे प्रश्न नुसता वैद्यकाचा नाही, तो औषध कुणापर्यंत पोहोचते याचाही आहे.

गोंद समजलेल्या पेशी

मेंदूत फक्त चेतापेशी नसतात. जवळपास तेवढ्याच संख्येने दुसऱ्या पेशीही असतात आणि त्यातल्या बहुतेकांना ‘ग्लिया’ म्हणतात. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ गोंद. १८५० च्या दशकात रुडॉल्फ फिरशो या जर्मन शास्त्रज्ञाने या पेशींचे वर्णन केले, तेव्हा चेतापेशींना चिकटवून ठेवणारा भरावाचा माल अशीच त्यांची ओळख झाली. नाव चिकटले आणि समजही चिकटला.

तसे पाहिले तर अपस्मारात या पेशींचा हात असावा ही शंका जुनी आहे. १८८९ मध्ये फिलिप शासलँ या फ्रेंच वैद्याने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूत ग्लियाचा घट्ट व्रण पाहिला आणि आजाराचे मूळ तिथे असू शकते असे मांडले. पण त्यानंतर काळ विजेच्या मोजमापाचा आला. १९२९ मध्ये हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतील विद्युतलहरींची नोंद प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला ईईजी म्हणतो ती ही तपासणी. चेतापेशी विजेने बोलतात, म्हणून त्या यंत्रात दिसल्या. ग्लिया तशा बोलत नाहीत, म्हणून त्या गप्प ठरल्या. जो आवाज करतो तोच काम करतो, असे गृहीत धरले गेले.

१९९० मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी दाखवले की ग्लियापैकी ॲस्ट्रोसाइट नावाच्या पेशी चेतापेशींच्या रसायनाला प्रतिसाद देतात. त्यांच्या आत कॅल्शियमच्या लहरी उठतात आणि एका पेशीतून दुसरीत पसरतात. म्हणजे या पेशी मुक्या नव्हत्या. आपण त्यांची भाषा ऐकत नव्हतो.

ग्लियाचे तीन मुख्य प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे. ॲस्ट्रोसाइट या ताऱ्याच्या आकाराच्या पेशी, त्यांना आपण तारापेशी म्हणू. त्या चेतापेशींच्या भोवतालची साफसफाई आणि पुरवठा पाहतात. मायक्रोग्लिया या राखणदार पेशी, जखम किंवा जंतू दिसले की धावून जातात. ऑलिगोडेंड्रोसाइट चेतापेशींच्या तारांवर आवरण चढवतात. अपस्मारात सर्वाधिक अभ्यास पहिल्या दोघींचा झाला आहे.

जेटी मोकळी कोण ठेवते?

हे समजण्यासाठी पुन्हा मिरकरवाड्याच्या जेटीवर जाऊ. बोटी येतात, मासळी उतरवतात, निघून जातात. सगळ्यांची नजर बोटीवर असते, तांडेलावर असते. पण उतरलेली मासळी कुणी उचललीच नाही, टोपल्या हलवल्याच नाहीत, जेटी धुतली नाही, तर काय होईल? मागची बोट रिकामी होणार नाही. मासळी सडेल. बोटीवर बोट आदळेल. बोटींचे इंजिन चांगले असूनही बंदर ठप्प होईल. आणि दोष मात्र बोटीला दिला जाईल.

मेंदूत हेच घडते. चेतापेशी प्रत्येक संदेशाबरोबर दोन गोष्टी बाहेर टाकते. एक म्हणजे पोटॅशियम. दुसरी म्हणजे ग्लुटामेट, पुढच्या पेशीला चेतवणारे रसायन. या दोन्ही गोष्टी तिथून ताबडतोब उचलाव्या लागतात आणि उचलण्याचे मोठे काम तारापेशी करतात. अपस्मारात हे काम कुठे कुठे अडते ते पाहू.

पहिली अडचण पोटॅशियमची. चेतापेशींच्या बाहेरच्या द्रवात पोटॅशियमचे प्रमाण साधारण ३ एकक (मिलिमोलर) इतके कमी ठेवलेले असते. तारापेशींच्या पडद्यावर त्यासाठी खास दारे असतात. आत घेतलेले पोटॅशियम त्या शेजारच्या तारापेशींना पुढे देतात, जशी टोपली हातोहात सरकवली जाते. ही दारे कमी झाली किंवा हातांची साखळी तुटली की पोटॅशियम साचते. साचलेल्या पोटॅशियममुळे चेतापेशी अधिक सहज पेटतात, आणखी पोटॅशियम बाहेर टाकतात, आणि चक्र सुरू होते. फीटच्या वेळी हे प्रमाण १० ते १२ एककांपर्यंत चढते. अपस्मारासाठी शस्त्रक्रिया करून काढलेल्या मेंदूच्या भागांत ही दारे कमी झाल्याचे आढळले आहे. शिवाय २००९ मध्ये एक दुर्मीळ आनुवंशिक आजार ओळखला गेला. त्यात या दाराचे जनुकच बिघडलेले असते आणि अशा मुलांना तान्हेपणापासून फीट येतात. एक दार नीट बनले नाही, एवढ्यावरून फीट येऊ शकते याचा हा सरळ पुरावा.

दुसरी अडचण ग्लुटामेटची. तारापेशी ते उचलतात आणि एका विकराच्या मदतीने त्याचे ग्लुटामिन नावाच्या निरुपद्रवी रसायनात रूपांतर करतात. हे ग्लुटामिन चेतापेशींना परत मिळते. त्यातून पुन्हा ग्लुटामेट बनते आणि शांत करणारे ‘गाबा’ हे रसायनही बनते. कानशिलाच्या आतल्या भागातून उठणाऱ्या अपस्मारात, जिथे हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आक्रसून व्रणासारखा घट्ट झालेला असतो, तिथे हा विकर खूप कमी झाल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. परिणाम दुहेरी होतो. चेतवणारे रसायन साचते आणि शांत करणाऱ्याचा कच्चा माल आटतो.

तिसरी अडचण ब्रेकची. ॲडेनोसिन हे मेंदूचे स्वतःचे ब्रेक आहे, फीट थांबवण्यात त्याचा वाटा असतो. त्याचे प्रमाण ठरवणारा एक विकर तारापेशींत असतो. जखमेनंतर तारापेशी फुगून व्रण तयार होतो, तेव्हा हा विकर वाढतो आणि ॲडेनोसिन जळून जाते. ब्रेक सैल पडतो.

चौथी अडचण राखणदारांची. डोक्याला मार, मेंदूज्वर, रक्तस्राव किंवा लांबलेली फीट यानंतर मायक्रोग्लिया चवताळतात आणि दाह वाढवणारी रसायने सोडतात. ही रसायने चेतापेशींना आणखी हळवे करतात. शिवाय रक्त आणि मेंदू यांच्यामधली जी भिंत तारापेशी सांभाळतात, तिला फट पडली तर रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन मेंदूत झिरपते. ते तारापेशींना बिघडवते, त्या पोटॅशियम उचलेनाशा होतात आणि आपण पुन्हा पहिल्या अडचणीवर येतो.

इथे जेटीची उपमा थांबवतो. शरीराची उपमा देऊन समाजात कुणी मुख, कुणी पाय ठरवण्याचा उद्योग या देशात फार जुना आहे आणि आपण त्याची किंमत मोजली आहे. मेंदूतल्या पेशी म्हणजे जाती नव्हेत. एवढेच लक्षात घ्यावे की ज्यांना ‘भराव’ म्हटले गेले त्यांच्यावाचून एक संदेशही नीट पोहोचत नाही, आणि हे दिसायला विज्ञानाला वेळ लागला. पण विज्ञानाने आपली चूक पुरावा पाहून दुरुस्त केली. भगताची पोथी मात्र कधी दुरुस्त होत नाही.

कारण की परिणाम?

चिकित्सक वाचक इथे थांबून विचारेल, की ग्लिया बिघडल्यामुळे फीट येते, की वारंवार फीट आल्यामुळे ग्लिया बिघडतात? प्रश्न रास्त आहे. दोन्ही घडते असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसते. जर्मनीतील बॉन येथील संशोधकांनी २०१५ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवले की तारापेशींची हातांची साखळी आधी तुटते आणि आपोआप येणाऱ्या फीट त्यानंतर सुरू होतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगात उंदरांच्या फक्त तारापेशींत बदल केला आणि त्या उंदरांना फीट येऊ लागल्या. म्हणजे काही वेळा सुरुवात ग्लियापासून होऊ शकते. माणसात मात्र प्रत्येक रुग्णाची साखळी वेगळी असते. कुणाचे मूळ जनुकात, कुणाचे जन्मावेळी मेंदूला कमी पडलेल्या प्राणवायूत, कुणाचे अपघातात, कुणाचे गाठीत. ग्लियापासून होणाऱ्या काही गाठी स्वतःच ग्लुटामेट सोडतात आणि अनेकदा फीट हेच त्यांचे पहिले लक्षण असते.

बुद्धांनी शिकवलेला प्रतीत्यसमुत्पाद आपण विहारात ऐकतो. कारणे आणि परिस्थिती एकत्र आल्या की गोष्ट घडते, त्या दूर झाल्या की ती थांबते. त्यामागे कुणा अदृश्य शक्तीची इच्छा नसते. बुद्धांना ग्लिया ठाऊक होत्या असा दावा करण्याची काही गरज नाही. असे दावे आपण इतरांना करू देत नाही, मग स्वतःही करू नयेत. पण ‘हे कुणी केले?’ याऐवजी ‘हे कशामुळे झाले?’ असे विचारण्याची जी सवय धम्म लावतो, तीच सवय या संशोधनाच्या मुळाशी आहे.

डुकराचे मांस आणि अर्धवट ज्ञान

भारतात फीटचे एक मोठे कारण म्हणजे मेंदूत शिरलेले फीतकृमीचे कोष. या आजाराला न्यूरोसिस्टिसर्कोसिस म्हणतात. कोष मेला तरी त्या जागी खडूसारखा ठिपका उरतो. त्याभोवती ग्लियाचा व्रण आणि दाह राहतो आणि त्या भागातून वर्षानुवर्षे फीट उठू शकते. सीटी स्कॅनमध्ये डॉक्टर ‘कॅल्सिफाइड’ ठिपका दाखवतात तो अनेकदा हाच.

इथे आपल्या समाजाशी थेट संबंध असलेली एक गोष्ट आहे. ‘डुक्कर खाणाऱ्यांना हा रोग होतो’ असे सर्रास बोलले जाते, आणि त्या बोलण्यात जातीचा वास असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. अर्धवट शिजवलेल्या डुकराच्या मांसातून पोटात फीतकृमी वाढतो. मेंदूतले कोष मात्र होतात ते कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी माणसाच्या विष्ठेतून येतात. ती न धुतलेल्या भाजीवर, दूषित पाण्यात, स्वयंपाक करणाऱ्याच्या अस्वच्छ हातांवर असतात. म्हणून आयुष्यात कधी मांसाला हात न लावणाऱ्यालाही हा आजार होतो. यावरचा उपाय आहे वापरता येतील असे संडास, स्वच्छ पाणी, साबणाने हात धुणे आणि मांस पूर्ण शिजवणे. बंदरावर शेकडो माणसे राबतात तिथे स्वच्छतागृह असणे ही सोय नव्हे, तो आरोग्याचा हक्क आहे. कार्यकर्त्यांनी ही मागणी करताना हा मुद्दा हाताशी ठेवावा.

मगधातला अपस्मार

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग येतो. मगधात त्या वेळी पाच रोग पसरले होते. कुष्ठ, गंड, किलास, शोष आणि पाचवा अपस्मार. लोक जीवक वैद्याकडे उपचारासाठी गर्दी करत. पण जीवकावर राजा बिंबिसार आणि भिक्खुसंघ यांची जबाबदारी होती. म्हणून काही जण केवळ औषधासाठी प्रव्रज्या घेऊ लागले आणि बरे झाल्यावर चीवर सोडून जाऊ लागले. जीवकाच्या विनंतीवरून हे रोग असलेल्यांना प्रव्रज्या न देण्याचा नियम झाला. उपसंपदेच्या वेळी आजही या पाच रोगांबद्दल विचारले जाते.

या नियमाने रुग्णांना संघाबाहेर ठेवले, हे झाकण्याचे कारण नाही. पण त्यातली एक गोष्ट महत्त्वाची आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या या वर्णनात अपस्मार कोडासारख्या आणि क्षयासारख्या आजारांच्या रांगेत आहे, भूतबाधेच्या नाही. त्यावर इलाज मांत्रिक नाही तर वैद्य करतो आहे. त्याच महावग्गात बुद्ध स्वतः एका आजारी, एकट्या पडलेल्या भिक्खूला आंघोळ घालतात आणि रुग्णाची सेवा म्हणजे माझीच सेवा असे संघाला बजावतात. आपली परंपरा ही आहे.

औषध आज काय करते, काय करत नाही

आजची बहुतेक औषधे चेतापेशींवर काम करतात. फेनिटोईन आणि कार्बामाझेपिन विजेच्या संदेशाचा वेग आवरतात, फेनोबार्बिटोन शांत करणाऱ्या रसायनाला बळ देते, व्हॅल्प्रोएट अनेक बाजूंनी काम करते. ही औषधे जुनी आहेत, तुलनेने स्वस्त आहेत आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. त्यांनी बहुसंख्य रुग्णांच्या फीट थांबतात. पण सुमारे एक तृतीयांश रुग्णांना दोन-तीन औषधे देऊनही फीट येत राहतात. त्यांच्यासाठी ग्लियावरचे संशोधन आशेचे आहे. साचलेले ग्लुटामेट उचलण्याची ताकद वाढवणे, दाह शमवणे, ॲडेनोसिनचे ब्रेक पुन्हा घट्ट करणे अशा दिशांनी काम सुरू आहे. केवळ ग्लियाला लक्ष्य करणारी गोळी अजून रोजच्या वापरात नाही. त्यामुळे ‘मेंदूच्या पेशी नव्याने तयार करणारे औषध’ म्हणून कुणी पुडी विकत असेल तर ती घेऊ नये.

काहींसाठी शस्त्रक्रिया हा मार्ग आहे. कानशिलाच्या आतला घट्ट झालेला भाग हेच फीटचे उगमस्थान असेल तर तो काढता येतो. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ८० रुग्णांच्या चाचणीत, शस्त्रक्रिया झालेल्या गटातील ५८ टक्के जण वर्षभरानंतर भान हरपणाऱ्या फीटपासून मुक्त होते. केवळ औषधांवर असलेल्या गटात हे प्रमाण ८ टक्के होते. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत १९९५ पासून अशा शस्त्रक्रिया होत आहेत आणि मुंबईतही ही सोय आहे. कोकणातल्या रुग्णाला हा पर्याय निदान माहीत तरी असला पाहिजे.

एक गोष्ट ठळक सांगायला हवी. फीट दोन-चार महिने आली नाही म्हणून गोळी स्वतःहून बंद करणे हे सर्वांत धोक्याचे आहे. अचानक औषध थांबले तर न थांबणारी फीट येऊन जीव जाऊ शकतो. बोटीवर जाणाऱ्याने पुरतील एवढ्या गोळ्या कोरड्या डब्यात बरोबर ठेवाव्यात. अपुरी झोप आणि दारू फीटला आमंत्रण देतात, आणि समुद्रावरच्या कामात या दोन्हींचा धोका असतो. फीट आटोक्यात नसेल तर बोटीवर, पाण्यात, उंचीवर किंवा विंचजवळ काम करू नये. त्यासाठी त्याचा रोजगार तोडू नका, किनाऱ्यावरचे काम द्या. मूल हवे असणाऱ्या स्त्रीने आधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण व्हॅल्प्रोएटने गर्भाला इजा होण्याचा धोका असतो.

वेड नव्हे, आणि लग्नाला आडकाठीही नव्हे

रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, येरवडा, रत्नागिरी ही गावांची नावे आपल्याकडे टोमणा म्हणून वापरली जातात. मानसिक आजार हाही टोमण्याचा विषय नाहीच. पण फीट हा मेंदूच्या कामकाजातला बिघाड आहे, वेड नाही, हेही स्पष्ट असावे.

हा गैरसमज कायद्यातही शिरला होता. बौद्धांना लागू असलेल्या हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीनंतर वेडाबरोबर अपस्माराचे वारंवार झटके हीसुद्धा विवाहातली अडचण मानली गेली. रुग्ण संघटना आणि डॉक्टरांच्या पाठपुराव्यानंतर १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द या कायद्यातून आणि विशेष विवाह कायद्यातूनही वगळण्यात आला. म्हणजे फीट येते म्हणून कुणी लग्नाला अपात्र ठरत नाही. तरीही मुलीचा आजार लपवून लग्न लावले जाते. मग सासरी कळू नये म्हणून ती गोळ्या बंद करते, फीट येते आणि तिला माहेरी आणून सोडले जाते. लपवणे हा उपाय नाही. समाजाने हा आजार मधुमेहासारखा मोकळेपणाने बोलता येईल असा करणे, हा उपाय आहे. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी स्वतःच्या आजाराबद्दल जाहीरपणे बोलत अपस्माराच्या रुग्णांसाठी ‘संवेदना’ हा आधारगट उभा केला, तो याच वाटेने.

दुसरा कायदा २०१३ चा, महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चपला भिजवलेले पाणी पाजणे हा त्याखाली गुन्हा आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. ज्या खलाशाच्या नाकाशी चप्पल धरली जाते तो प्रसंग अज्ञानाचा असतो, तिथे पोलीस बोलावण्याची गरज नाही, समजावण्याची आहे. पण मिरचीची धुरी देणाऱ्या बुवापुढे मात्र हा कायदा वापरायलाच हवा.

विहारातून काय करता येईल

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी किनाऱ्याला असतात, माणसे घरी असतात. याच सुमारास आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि विहारांत ग्रंथवाचन चालते. त्यातला एक रविवार फीटच्या प्रथमोपचाराला द्यावा. बौद्धवाडीपुरता नव्हे, मोहल्ला आणि बंदरालाही बोलावून. शिकवायचे एवढेच:

घड्याळ बघा. माणसाला धारदार वस्तू, इंजिन, पाण्याची कड यांपासून दूर घ्या. डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा. झटके थांबले की, शक्य असेल तर आधीच, कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध काहीही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. चप्पल, कांदा, किल्ली यांचा काही उपयोग नाही. तो पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसा. पाण्यात फीट आली तर आधी तोंड पाण्याबाहेर धरा.

फीट ५ मिनिटांहून लांबली, शुद्धीवर न येता दुसरी आली, ती आयुष्यातली पहिली असली, डोक्याला मार लागला असला, पाण्यात आली असली किंवा बाई गरोदर असली तर ताबडतोब १०८ ला फोन करा.

दुसरे काम थोडे अवघड आहे. आपल्या वाडीत औषध सोडलेले कोण आहेत, शाळा सुटलेले मूल कोणते, घरात कोंडलेली मुलगी कोणती, हे आपल्याला माहीत असते. त्यांना गाठून, सोबत जाऊन जिल्हा शासकीय रुग्णालयात दाखवा. फीट येत असताना शक्य झाल्यास घरच्यांनी मोबाईलवर चित्रण करून ठेवावे, डॉक्टरांना निदानाला त्याची फार मदत होते. पुढची गोळ्यांची तारीख विहाराच्या फळ्यावर नव्हे, कार्यकर्त्याच्या वहीत लिहून ठेवा. आजाराची जाहिरात करायची नाही, सोबत करायची आहे.

मेंदूतल्या त्या तारापेशी हेच करत असतात. त्या चेतापेशींसारखे विजेचे संदेश पाठवत नाहीत, शेजारची पेशी तोल सुटून कोसळू नये एवढे पाहतात. उद्या जेटीवर कुणी कोसळला तर गर्दीतून पुढे होऊन चप्पल बाजूला करणारा, त्याला कुशीवर वळवणारा आणि घड्याळ बघणारा एक तरुण तिथे असावा. तो आपल्या विहारातून तयार होऊ शकतो.

नमो बुद्धाय! जय भीम!